उपसर्गांचा उपसर्ग

चाचणी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना एका वाक्यापाशी थबकलो. 2022 च्या एप्रिलमध्ये किरकोळ भाववाढीचा दर 7.79 टक्के होता, तो मे महिन्यात 7.04 टक्क्यांवर आला, ‘म्हणजेच देशात डिफ्लेशन सुरू झाले व वस्तू स्वस्त झाल्या’, असे एका विद्यार्थ्याने लिहिले होते. आकडे बिनचूक, निष्कर्ष मात्र साफ चुकीचा. त्याला हवा होता तो शब्द ‘डिसइन्फ्लेशन’.

शंभर रुपयांचे धान्य पहिल्या वर्षी आठ टक्क्यांनी व दुसऱ्या वर्षी चार टक्क्यांनी महागले, तर भाववाढीचा दर निम्म्यावर आला हे खरे. परंतु गृहिणीला मोजावे लागतात 112 रुपये 32 पैसे. हे डिसइन्फ्लेशन. डिफ्लेशनमध्ये किमती प्रत्यक्षात उतरतात. 1929 नंतरच्या चार वर्षांत अमेरिकेत त्या सुमारे पाव हिश्श्याने उतरल्या, आणि त्या स्वस्ताईने बेकारांची पोटे भरली नाहीत. ‘महागाई घटली’ असा मथळा वाचून पिशवी घेऊन बाजारात जाणाऱ्या कारकुनाची फसगत होते ती याच ठिकाणी.

दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. ‘इन’ म्हणजे नकार, ‘डी’ म्हणजे खाली, अशी कोष्टके आपणच त्याच्याकडून घोकून घेतो. मग पेट्रोलच्या टँकरवरील ‘इन्फ्लॅमेबल’ त्याला न पेटणारे वाटले, तर नवल ते काय? तेथील ‘इन’ नकाराचा नव्हे, आत शिरण्याचा. ‘इन्फ्लेशन’मधलाही तोच, फुग्यात हवा भरावी तसा. ‘इनव्हॅल्युएबल’मध्ये नकार आहे खरा, पण अर्थ कवडीमोल असा नसून आपल्या ‘अमूल्य’सारखाच. ‘डी’चेही तसेच. 2016 च्या ‘डीमॉनेटायझेशन’मधला ‘डी’ नोटांचे चलनीपण काढून घेतो, ‘डीव्हॅल्युएशन’मधला मूल्य खाली आणतो, आणि ‘डिक्लेअर’मधला यांपैकी काहीच करीत नाही, केवळ अर्थाला जोर देतो. इंग्रजीला नावे ठेवण्याचेही कारण नाही. ‘विफल’ आणि ‘विज्ञान’ यांतील ‘वि’ एक नाही, ‘अवगुण’ आणि ‘अवगत’ यांतील ‘अव’ही एक नाही, फक्त ते शब्द आपल्याला वाक्यांतून भेटले, कोष्टकातून नव्हे.

रुपयाच्या बाबतीत तर हा घोटाळा थेट उत्तरदायित्वापर्यंत जातो. 6 जून 1966 रोजी सरकारने डॉलरचा भाव 4 रुपये 76 पैशांवरून साडेसात रुपयांवर नेला. ते डीव्हॅल्युएशन, अर्थात अवमूल्यन. त्यामागे निर्णय होता, निर्णय घेणारे होते, म्हणून त्यांना जाबही विचारता आला. 1993 पासून रुपयाचा भाव मुख्यत्वे बाजारात ठरतो. तेथे तो उतरला की त्याला डिप्रिसिएशन म्हणतात. (यंत्राच्या घसाऱ्यालाही हाच शब्द, हा आणखी एक उपसर्ग!) आपण मात्र सरसकट ‘अवमूल्यन’ लिहितो आणि सरकारने न घेतलेल्या निर्णयाचा जाब त्याला विचारतो; धोरणातील खऱ्या चुकांचा जाब विचारावयाचा मात्र राहून जातो.

त्या विद्यार्थ्याला मी अर्धे गुण दिले. पुढील सत्रात अभ्यासक्रम चार तासिका मागे पडला तरी बेहत्तर, हे शब्द फळ्यावर फोडून दाखविल्यावाचून पुढचे प्रकरण उघडावयाचे नाही, असे ठरविले आहे.