नाताळची सहल : लेकॉकचा मठ

"नाताळ आपला सण नव्हे, मग ख्रिस्ती मठात कशाला जायचे?" असा प्रश्न आम्हाला इथूनच एका नातेवाइकांनी केला होता. वाचकहो, सुट्टी सर्वांची असते. आणि जुनी इमारत कोणी बांधली, तीत कोण राहिले, कोणाला बाहेर काढले, हे पाहायला धर्म आड येत नाही.

आमची धाकटी बहीण इंग्लंडात स्विंडन येथे परिचारिका आहे. सोसायटीचे कर्ज काढून, आईला घेऊन आम्ही सहकुटुंब तिच्याकडे गेलो होतो. २५ डिसेंबरला तिची ड्युटी, शिवाय त्या दिवशी तिकडे रेल्वेच धावत नाही. म्हणून सहल पुढे दोन दिवसांनी निघाली. चिपनहॅमपर्यंत गाडी आणि तिथून लेकॉक गाव तीनेक मैल. डबा अर्थातच घरचा. तिकडे विकतचा चहासुद्धा खिशाला झोंबतो.

लेकॉकची ॲबी म्हणजे स्त्रियांचा मठ. 'नन' म्हणजे कोण हे आईला समजावताना "आपल्या भिक्खुणींसारख्या" एवढे म्हटले, आणि तिला पुढचे सांगावे लागले नाही. हा मठ १२३२ साली एला नावाच्या सरदारीण बाईने स्थापला. १२२६ साली तिचा नवरा वारला. दुसरे लग्न न करता तिने आपली जहागीर सांभाळली, विल्टशायरची शेरीफ म्हणून काम पाहिले, आणि पुढे याच मठात दीक्षा घेऊन त्याची प्रमुख झाली. आठशे वर्षांपूर्वीच्या बाईची ही कर्तबगारी. मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. अशा मठांत बहुतेक चांगल्या घरच्याच मुली असत, आणि त्यांचे पोट कुळांच्या खंडावर चाले. राबणारे बाहेरच.

नाताळनिमित्त दारांवर हिरव्या पानांची चक्रे टांगली होती, आत झाड सजवले होते. भाच्याचे लक्ष मात्र दगडी ओवऱ्यांकडे. हॅरी पॉटरच्या सिनेमाचे चित्रीकरण इथे झाले आहे, त्यामुळे तो आम्हालाच माहिती देत होता. शेकोटीच्या खोलीत १५०० साली ओतलेला एक प्रचंड हंडा आहे, त्याभोवती पोरांची झुंबड. हाडे गोठवणाऱ्या त्या थंडीत नन्सना ऊब घ्यायला ही खोली होती. आई तिथेच थबकली. म्हणाली, "मग या बाया गेल्या कुठं?"

उत्तर असे. आठव्या हेन्री राजाने देशभरचे मठ मोडीत काढले, त्यात लेकॉकचा क्रमांक १५३९ साली लागला. नन्सना पेन्शन बांधून दिली आणि घर रिकामे करून घेतले. आमच्या वाचकांना अशा नोटिशीचा अर्थ सांगायला नको. त्याच वर्षीच्या कायद्याने ब्रह्मचर्याचे व्रत मात्र कायम ठेवले. म्हणजे मठही नाही आणि संसारही नाही! आई बराच वेळ काही बोलली नाही.

मठ विकत घेतला विल्यम शॅरिंग्टन याने. त्याने प्रार्थनामंदिर पाडले आणि उरलेल्याचा वाडा केला. हे गृहस्थ पुढे ब्रिस्टलच्या टांकसाळीत अधिकारी होते. तिथे हिणकस नाणी पाडून हिशेबात फेरफार केले आणि १५४९ साली पकडले गेले. तरी माफी मिळाली, दंड भरून मालमत्ताही परत मिळाली. आयुष्यभर लेजर लिहिणाऱ्या आमच्यासारख्या कारकुनाला मात्र चार रुपयांच्या फरकासाठी मेमो मिळतो.

पुढे वाडा टालबट घराण्याकडे आला. शेवटच्या मालकीण मॅटिल्डा टालबट यांनी १९४४ साली वाडा आणि जवळपास सगळे गाव नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकले. म्हणून आज तिकीट काढून कोणीही आत जाते. जात, पात, खानदान कोणी विचारत नाही.

याच घराण्यातील विल्यम हेन्री फॉक्स टालबट यांनी ऑगस्ट १८३५ मध्ये वाड्याच्या एका खिडकीचे छायाचित्र कागदावर घेतले. जगात टिकून राहिलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह ती हीच. आकार टपाल तिकिटाएवढा. फ्रान्सच्या दागेरच्या पद्धतीत एका वेळी एकच चित्र मिळे. टालबट यांच्या युक्तीने एका निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती निघू लागल्या. आपल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, तो याच युक्तीमुळे. हे सांगितल्यावर आईने ती खिडकी पुन्हा जाऊन पाहिली.

त्या निगेटिव्हमध्ये काचेचे सुमारे दोनशे चौकोन भिंगातून मोजता येत, अशी टालबट यांची नोंद आहे. भाच्याने ते खऱ्या खिडकीवर मोजायला घेतले. एकशे चाळीसपर्यंत पोहोचला तोच बहिणीने "दादा, बस चुकेल" म्हणून हाक मारली.