कळ नसलेला कळफलक

ज्या मनुष्याने मिनिटाला 30 शब्दांची मराठी टंकलेखनाची परीक्षा देऊन कचेरीत पाऊल ठेवले आणि पुढली सारी कारकुनी कळांच्या खडखडाटात काढली, त्याच्यापुढे पुतण्याने काडेपेटीहून किंचित मोठी डबी ठेवून ‘काका, हा घ्या तुमचा कीबोर्ड’ असे म्हणावे, आणि पुढच्याच क्षणी जेवणाच्या मेजावर तांबड्या प्रकाशरेषांनी अक्षरांच्या चौकटी उमटाव्यात, तेव्हा त्याला विस्मय वाटला नाही तरच नवल. फोनशी या डबीची सोयरीक जमवणे तर अगदीच सोपे निघाले: ब्लूटूथ चालू केले, यादीत आलेल्या तिच्या नावावर बोट ठेवले, फोनने दाखवलेला आकडा त्या प्रकाशाच्याच अंकांवर टिपला, आणि काम झाले.

मेजावर दिसणारे चित्र केवळ आपल्या डोळ्यांसाठी असते. तांबडा लेसर एका सूक्ष्म नक्षीच्या काचेतून जाताना ते घडते. खरी पाळत ठेवतो तो पृष्ठभागाला समांतर, त्याच्या अगदी निकट पसरलेला अवरक्त किरणांचा अदृश्य पडदा. बोटाने तो छेदला की परावर्तित किरण डबीतील कॅमेरा टिपतो आणि बोट कोणत्या चौकटीवर पडले याचा हिशेब होतो. म्हणूनच त्याला काचेचे मेज चालत नाही, चुणीदार चादर चालत नाही आणि उन्हात तर चित्रही दिसेनासे होते. आमच्या घरी मंडळींनी नित्याच्या शिरस्त्याप्रमाणे चहाचा कप नेमका त्या पडद्यात आणून ठेवला, तेव्हा अर्जाच्या मसुद्यात एकाच अक्षराची पलटण उभी राहिली. बोटे कळांवर टेकवून बसण्याची आमची जन्माची शिस्त तर येथे गुन्हाच ठरते, कारण टेकलेले बोट म्हणजे दाबलेली कळ!

हे सारे मी सोसले असते. माझी तक्रार निराळी आहे. टंकलेखन यंत्राला देवनागरी शिकवायची तर धातूचे खिळे नव्याने ओतावे लागत आणि मोजक्या कळांत जोडाक्षरे कोंबताना लिपीचीच ओढाताण होई. येथे ओतायला कळच नाही, ती नक्षीची काच बदलली की पुरे. तरीही माझ्या मेजावर उमटतात ती केवळ रोमन अक्षरे. 1991 साली आय. एस. 13194 या भारतीय मानकात समाविष्ट झालेली, ढोबळमानाने स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला देणारी इनस्क्रिप्ट मांडणी ज्या फोनात बाह्य कळफलकासाठी निवडता येते, तेथे ‘के’ दाबल्यावर ‘क’ येतो हा निव्वळ योगायोग. ‘सी’ दाबल्यावर ‘म’ आणि ‘एल’ दाबल्यावर ‘त’ येतो. म्हणजे आज्ञा मराठीत पाळली जाते, पण पाटी परक्या लिपीत लटकते. एवढी एक काच घडवून घेण्याची तजवीज हा माल आणणाऱ्यांनी का करू नये? गिऱ्हाईक मागत नाही, असे उत्तर मिळेल. पण मागण्याजोगी वस्तू दुकानात दिसल्याखेरीज गिऱ्हाइकाने मागावी तरी काय?

पुतण्याने तूर्त एक तोड काढली आहे. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने देवनागरी अक्षरे लिहून तो कागद प्रकाशाच्या चौकटींखाली अचूक बसवला, कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली, आणि डबी हलू नये म्हणून तिच्याभोवती पेन्सिलीने हद्द आखून दिली. माझा पत्रव्यवहार सध्या त्या हद्दीत चालतो. जेवणाची पाने जमिनीवर मांडली जातात.