कच्च्या ग्लिसरीनची कसोटी

2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने 2030 पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आणि तळणीतून उरलेल्या तेलालाही त्यामुळे सरकारदरबारी प्रतिष्ठा लाभली; परंतु दर शंभर किलो बायोडिझेलमागे सुमारे दहा किलो ग्लिसरीन जे हटकून हाती येते, त्याची तजवीज काय, हा प्रश्न या जमाखर्चात सहसा कोणी मांडत नाही. साबण, औषधे आणि सौंदर्यप्रसाधने यांना लागणारे ग्लिसरीन शुद्ध असावे लागते. उलट बायोडिझेलच्या कारखान्यातून निघणाऱ्या काळपट द्रवात मिथेनॉल, क्षार, साबण व पाणी यांची सरमिसळ असते, आणि त्याचे ऊर्ध्वपातन करण्याचा खर्च लहान कारखानदाराला झेपणारा नसतो.

वास्तविक या रेणूइतका होतकरू रेणू विरळाच. तीन कार्बन आणि प्रत्येकावर एकेक हायड्रॉक्सिल गट, एवढेच त्याचे भांडवल. पण हायड्रोजनच्या साहाय्याने त्यातील एक गट काढून टाकला की औषधांत व रेझिनांत लागणारे प्रॉपिलीन ग्लायकॉल मिळते, पाण्याचे दोन रेणू काढून घेतले की ॲक्रोलीन, आणि डायमिथाइल कार्बोनेटाशी संयोग घडविला की ग्लिसरॉल कार्बोनेट. यांपैकी कोणती वाट धरायची हे बव्हंशी उत्प्रेरक ठरवितो, आणि येथेच घन मिश्र ऑक्साइडांचे महत्त्व आहे. मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम यांचे हायड्रोटॅल्साइट नावाचे पापुद्र्यांचे संयुग साडेचारशे अंश सेल्सियसच्या आसपास तापविले असता त्यातील पाणी व कार्बन डायऑक्साइड निघून जातात आणि मागे जे सच्छिद्र, आम्लारिधर्मी मिश्र ऑक्साइड उरते, त्याच्या आम्लारिधर्माची तीव्रता दोन धातूंचे प्रमाण बदलून हवी तशी कमी-अधिक करता येते. त्यात तांबे मिसळले तर प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या निर्मितीत कॉपर क्रोमाइटला पर्याय मिळू शकतो व क्रोमियमच्या विषारीपणाची धास्ती टळते. शिवाय हा उत्प्रेरक घन असल्यामुळे काम संपताच गाळून वेगळा काढता येतो. विरघळलेल्या कॉस्टिक सोड्याप्रमाणे त्याचे उदासिनीकरण करून खारट सांडपाणी नाल्यात सोडण्याची पाळी येत नाही.

निदान पुस्तकात तरी असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात ग्लिसरीन धातूंना सहज कवेत घेते; कॅल्शियम ऑक्साइड तर त्यात अंशतः विरघळतेच, आणि मग श्रेय घनाला मिळाले तरी काम विरघळलेल्या कॅल्शियमने केलेले असते. मिश्रण गरम असतानाच उत्प्रेरक गाळून काढावा व उरलेल्या द्रवात अभिक्रिया पुढे चालते का ते पाहावे, म्हणजे हे बिंग फुटते. उत्प्रेरक आम्लधर्मी असेल तर कच्च्या मालातील सोडियम त्याची आम्लधर्मी केंद्रे निकामी करते. पृष्ठभागावर साचणारा कार्बन हवेत जाळून काढता येतो खरा, पण त्या दाहात उत्प्रेरकाची जडणघडण शाबूत राहीलच असे नाही. या अडचणी संशोधकांना ठाऊक नाहीत असे मुळीच नाही. तथापि बाटलीतील अतिशुद्ध ग्लिसरीन घेऊन नव्वद टक्क्यांहून अधिक रूपांतर दाखविणारे निबंध जितके सुलभपणे प्रसिद्ध होतात, तितका त्याच उत्प्रेरकाचा कच्च्या मालावरील पराभव प्रसिद्ध होत नाही, आणि माझ्या मते या क्षेत्रातील खरी उणीव रसायनाची नसून कसोटीची आहे.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातील डिकेटर येथे ग्लिसरीनपासून प्रॉपिलीन ग्लायकॉल करण्याचा कारखाना उभा राहिला, तेव्हा हा मार्ग व्यापारी प्रमाणावर अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. आपल्याकडे 1950 पासून पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, मुंबईत रासायनिक तंत्रज्ञानाची त्याहूनही जुनी संस्था आहे. विद्वत्तेची वाण नाही. म्हणून सार्वजनिक निधी मंजूर करणाऱ्यांना एवढीच विनंती आहे की, यापुढे अशा संशोधनाला अनुदान देताना चालू कारखान्यातील कच्च्या ग्लिसरीनवरचे निष्कर्ष, उत्प्रेरकाच्या वारंवार वापराचा तपशील आणि द्रवात उतरलेल्या धातूचे मोजमाप, या तिन्ही गोष्टी दप्तरी दाखल झाल्याखेरीज पुढील हप्ता देऊ नये.