माणिकबाग आणि वाचनाचा दिवा

नांदगाव पेठेतून महूला जाणे ही आमच्याकडे नवी गोष्ट नाही. मीटरगेज सुरू होती तेव्हा अकोल्याहून थेट महूची गाडी मिळे. शिदोरी बांधायची, मेळघाटचे डोंगर पाहत जायचे, जन्मभूमीला वंदन करायचे आणि इंदूरचा राजवाडा पाहून परतायचे. आम्हीही तसेच गेलो. पण त्याच इंदुरातील माणिकबाग मात्र आम्ही पाहिली नव्हती. तिची ओळख करून दिली ती पॅरिसला शिकणाऱ्या आमच्या भाचीने.

२०१९ च्या डिसेंबरात वर्गातील मुलामुलींबरोबर ती तेथील सजावटकलेच्या संग्रहालयात गेली होती. रात्री फोन आला, "जयभीम मामाजी. मी आज इंदूरचा महाल पाहून आली!" आम्हाला वाटले, पोरगी थट्टा करते.

थट्टा नव्हती. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) ऑक्सफर्डला शिकत असताना बर्लिनच्या एकार्ट म्युथेसियस या तरुण वास्तुशिल्पज्ञाशी त्यांची ओळख झाली. राजा विशीतला, शिल्पज्ञही विशीतलाच. १९३० ते १९३३ या काळात माणिकबाग उभी राहिली. तिला ना घुमट, ना नक्षीदार महिरपी. सरळ रेषा, काच, पोलाद आणि हवा थंड ठेवणारी यंत्रे. बरेच सामान जर्मनीहून जहाजाने आले. १९८० साली त्यातील पुष्कळ वस्तूंचा मोनॅकोत लिलाव झाला आणि त्या जगभर पांगल्या. त्यातल्याच अनेक पॅरिसच्या प्रदर्शनात पुन्हा एकत्र मांडल्या होत्या.

"सगळ्यात चांगलं काय वाटलं?" आम्ही विचारले.

"ग्रंथालयातल्या लाल खुर्च्या. खुर्चीतच दिवा बसवलेला हाय, मामाजी. बसा अन् वाचा!"

तिची आई शेजारीच होती. तिने विचारले, "मंग त्या महालात आता कोन रायते?"

"कोनी नाही वं आई. सरकारी हापिस हाय, कर खात्याचं."

आई गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "एवढा बांधला, अन् सामान परदेशात, घर हापिसात."

वाचकहो, हे वाक्य आमच्या मनात घर करून बसले. माणिकबागेपासून महू जेमतेम पंचवीस किलोमीटर. त्या छावणीत १८९१ साली जन्मलेले सुभेदारांचे पुत्र १९१३ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला गेले. पुढे लंडनला शिकले. इंदूरला महाल उभा राहिला, त्याच सुमारास दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांचे 'राजगृह' उभे राहिले. तेही घरच, पण पुस्तकांसाठी बांधलेले. त्याचे सामान कोणत्या लिलावात गेले नाही. तेथील ज्ञान घटनेत उतरले आणि आपल्या घरांत आले.

होळकरांच्या रसिकतेला आम्ही नावे ठेवत नाही. खुर्चीत दिवा बसवणारा माणूस वाचनाची कदर जाणत होता, एवढे खरे. पण दिवा किती जणांसाठी, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न आमच्या घरातही आला. भाचीला शिक्षणानंतर नोकरी लागली, तेव्हा आईचे म्हणणे होते, आधी टिनाचे छप्पर काढून स्लॅब टाकू. तिचे चुकले असे कोण म्हणेल? पंचवीस पावसाळे तिने त्या टिनाखाली काढले. पोरीचे म्हणणे, विहारामागच्या खोलीत अभ्यासिका करू. दोघी महिनाभर अबोल होत्या. शेवटी आईनेच तोड काढली. स्लॅब अर्ध्या घरावर पडला आणि अभ्यासिकेत सहा टेबले आली. प्रत्येक टेबलावर एक दिवा.

परीक्षेच्या दिवसांत रात्री अकरालाही ते दिवे जळत असतात. उरलेल्या अर्ध्या घरावर टिन अजून आहे. पाऊस आला की आई तेथे बादली ठेवते आणि लेकीच्या नावाने पुटपुटते. पण अभ्यासिकेची किल्ली मात्र तिच्याच पदराला असते.