फाटक्या नोटेचे भाग्य

आमच्या शाखेत रोकड येते तो सोहळा पाहण्यासारखा असतो. लोखंडी पेटी, पेटीला साखळी, साखळीला कुलूप, कुलपाशेजारी बंदूकवाला. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन निरनिराळ्या माणसांच्या खिशात, आणि त्या दोघांचे एकमेकांशी शक्यतो पटत नसते, हीही एक सुरक्षाच म्हणायची. आत काय, तर नोटा. नोट दाबली तर काळी पडत नाही, उन्हात ठेवली तर पिकत नाही, शेजारची नोट नासली म्हणून ही नासत नाही.

त्याच रस्त्याने, त्याच खड्ड्यांतून, केळीही येतात. त्यांच्यावरही एक माणूस बसलेला असतो. राखायला नव्हे. टेंपोत दुसरीकडे बसायला जागा नसते म्हणून.

हे चित्र मी दरवर्षी बँकेच्या दारातून पाहतो. आमची शाखा नरसीला. संत नामदेव महाराजांचे जन्मगाव म्हणून ज्याला नरसी नामदेव म्हणतात ते हे, हिंगोलीहून एस.टी.ने अर्ध्या-पाऊण तासावर, कयाधूच्या काठी. एरवी गाव शांत. पण आषाढ वद्य एकादशीला परतवारी भरते. पंढरपूरची वारी करून परतलेले वारकरी इथे येऊन नामदेवांच्या पायांवर डोके ठेवतात, तेव्हा कुठे त्यांची वारी पुरी होते. गर्दी एवढी होते की मला काउंटरवरून उठून चहाला जायचे असले तरी दिंडीच्या मागोमागच जावे लागते. आता एकादशी म्हटली की उपास, आणि उपास म्हटला की केळी. साबुदाणा काय, घरी मिळतो. शेकडो मैल चालून आलेल्या माणसाला पावसात उभ्या उभ्या खाता येईल असे एकच खाद्य परमेश्वराने वेष्टनासह निर्माण केलेले आहे.

ते वेष्टन परमेश्वराने घातले, ही आमची पंचाईत झाली. आम्हाला वाटले, पॅकिंगचे काम वरच्या वर झाले, आता आपण काही करायला नको.

टेंपो थांबतो. फाळका धाडकन पडतो. वरचा गडी खालच्या गड्याकडे घड असा भिरकावतो की क्रिकेट मंडळाच्या निवड समितीने पाहावे. झेल सुटला तर कोणी हळहळत नाही. मग फण्या तोडून हातगाडीवर ढीग रचतात, आणि परवा परवापर्यंत हिरवीगार असलेली ती केळी संध्याकाळपर्यंत बिबट्याच्या कातड्यासारखी दिसू लागतात. मागच्या परतवारीला मी एक डझन घेतली. गाडीवाला म्हणाला, "वरून काळं हाय साहेब, आतून साखर." सोलून पाहिले. आतून साखर नव्हती. आतून, आमच्या भाषेत सांगायचे तर, बुडीत खाते होते.

आणि ही उपमा मी उगाच देत नाही. केळे तोडतात तेव्हा ते हिरवे, कडक असते. तेव्हा त्याला मार लागला तरी दिसत नाही. पिकायला लागले की तो मार काळा होऊन वर येतो. थकणारे कर्ज हुबेहूब असेच असते. देताना सगळ्यांना हिरवेगार दिसते, मुदत भरत आली की डाग उमटतात, आणि मग शोध सुरू होतो, की शेवटचा हात कोणाचा लागला होता. शेवटचा हात नेहमी धाकट्या माणसाचा असतो. बँकेत कारकुनाचा, केळ्यांत शेतकऱ्याचा.

आमचे एक खातेदार आहेत. नाव सांगत नाही, ग्राहकाची माहिती गुप्त ठेवण्याची मी शपथ घेतलेली आहे आणि शिवाय त्यांना आवडणार नाही. सगळे त्यांना काका म्हणतात. नदीकडच्या विहिरीवर दीड एकर केळी. बांधावर येणारा व्यापारी भाव पाडतो म्हणून काकांनी एका खेपेला धाडस केले, आपला माल आपण गाडी करून शहराच्या बाजारात पाठवला. आठ दिवसांनी पट्टी घेऊन माझ्या काउंटरवर आले. "साहेब, जरा वाचून दावा. माझा चष्मा ऱ्हायला." चष्मा त्यांच्या खिशात दिसत होता. त्यांना वाचायचे नव्हते, दुसऱ्या कोणीतरी वाचलेले ऐकायचे होते.

वाचले. एकूण वजन अमुक. वजा दांडा. वजा गाडीभाडे. वजा हमाली, वजा तोलाई. आणि शेवटी एका ओळीत, कसलाही हिशेब न देता, वजा डागी माल. बी.कॉम. असल्यामुळे मी आधी बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती. वजाबाकीही बरोबर होती. म्हणजे तक्रार करायला जागाच नव्हती.

फक्त त्या शेवटच्या ओळीतली रक्कम काकांच्या पीककर्जाच्या व्याजाएवढी होती. पीककर्ज 3 लाखांपर्यंत 7 टक्क्यांनी मिळते आणि वेळेत फेडले तर त्यातले 3 टक्के माफ होतात, हे शाखेतल्या पाटीवर लिहिलेले आहे. पाटीवर जे लिहिलेले नाही ते असे की, गाडी एका खड्ड्यात आपटली तर हे 3 टक्केही त्याच खड्ड्यात जातात. काकांनी त्या वर्षी मुदत चुकवली ती सतरा दिवसांनी. आमच्या संगणकाला दिवस कळतात, खड्डे कळत नाहीत. आणि बटण मीच दाबले.

आता माझा मुद्दा. फाटक्या नोटेला या देशात कायदा आहे. रिझर्व्ह बँकेचे 2009 सालचे नोट परताव्याचे नियम आहेत, ते 2018 साली सुधारले. 50 रुपयांची किंवा त्याहून मोठी नोट फाटली आणि तिचा सर्वांत मोठा तुकडा 80 टक्क्यांहून अधिक असला, तर पूर्ण पैसे. 40 ते 80 टक्के असला, तर निम्मे. म्हणजे उंदराने 500 च्या नोटेचा अर्ध्याहून अधिक भाग फस्त केला तरी उरलेल्या तुकड्याचे मी 250 रुपये देतो, आणि हसतमुखाने देतो, कारण तसे परिपत्रक आहे. आणि केळ्याच्या सालीवर बोटाएवढा डाग असला तर? आख्खी फणी बाद. डाग किती टक्के, कोणत्या जागी, गराला लागला की नुसता सालीवर आहे, कोणी मोजत नाही. उंदराच्या तोंडून सुटलेल्या कागदाला जेवढा न्याय आहे तेवढा बारा महिने पाणी पाजून वाढवलेल्या फळाला नाही, असे मी म्हणतो. कोणाला खोडून काढायचे असेल त्याने काउंटर नंबर 2 वर यावे. जेवणाची सुट्टी सोडून.

यावर विद्वान मंडळींचे उत्तर ठरलेले आहे: शीतगृह. एका मेळाव्यात (आमच्या बँकेने खुर्च्या पुरवल्या होत्या, म्हणून मी हजर) एका वक्त्याने सांगितले की देशातली 40 टक्के फळे नासतात, त्यावर उपाय शीतगृह. ही 40 टक्क्यांची थाप मी लहानपणापासून ऐकतो आहे. लुधियानाच्या सीफेट या केंद्र सरकारच्या संस्थेने खरोखर मोजून 2015 साली आकडे दिले, त्यात फळांमध्ये सर्वांत वाईट अवस्था पेरूची, आणि ती 15.88 टक्के. म्हणजे आपण नुकसानसुद्धा धड मोजत नाही, ढिगाने सांगतो. आणि शीतगृहाचे म्हणाल तर केळे 13 अंशांच्या खाली नेले की त्याला थंडी बाधते, साल करडी-काळी पडते, ते धड पिकत नाही. हा प्रयोग आमच्या घरी फ्रिजमध्ये नेहमी होतो. सौ.चे म्हणणे, "फ्रिज घेतलाय कशाला मग?" या प्रश्नाला मेळाव्यातल्या वक्त्यांकडेही उत्तर नसावे.

शीतगृह हवे, नको कोण म्हणतो? 2020 च्या ऑगस्टमध्ये देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल निघाली तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. पण फळ स्टेशनपर्यंत, शीतगृहापर्यंत, धडपणे पोचायला नको का? आधीच ठेचलेले केळे गार केले तर गार, ठेचलेले केळे मिळते. शिवाय ठेच लागलेल्या फळातून जो वायू सुटतो तो शेजारच्या फळालाही घाईघाईने पिकवतो. एक नासका आंबा आढी नासवतो हे आपल्या आज्यांना कोणत्याही संस्थेने सांगितले नव्हते.

हमालांना शिव्या देणे सोपे आहे. मी देत नाही. हमाली ठरते वजनावर. जितकी क्विंटल उतरवाल तितके पैसे. हळू ठेवल्याचा एक पैसा जास्त मिळत नाही, उलट दिवसाची एक गाडी कमी होते. उद्या बँकेने मला नोटा मोजण्याचा पगार किलोवर दिला तर मीही भिरकावीन. गाडीवाल्याचेही तेच. सकाळी सिमेंट, दुपारी केळी, रात्री कोणाचे तरी लग्नाचे रुखवत. (रुखवताला मात्र गाद्या घालतात.) मोकळ्या रचलेल्या मालात वरच्या थराचे वजन खालच्या थरावर, आणि त्या दोघांचे त्याच्या खालच्यावर. आपल्या समाजरचनेबद्दल मी इथे काही बोलत नाही.

उपाय कोणाला ठाऊक नाही असेही नाही. वावरातच फण्या वेगळ्या कराव्यात, चीक तुरटीच्या पाण्यात धुवावा, मध्ये कागद किंवा फोमचा पातळ थर द्यावा, क्रेटमध्ये भरावे. क्रेटवर क्रेट चढवला तर वजन क्रेटच्या भिंती पेलतात, केळ्याला वरच्याचा पत्ताही लागत नाही. करमाळ्याकडे कंदरला हेच करतात. तिथली केळी 13-13 किलोंच्या खोक्यांत बसून समुद्रापार आखातात जातात आणि तिथे डाग न पडता उतरतात. म्हणजे येते आपल्याला! परक्या शेखासाठी येते. नरसीच्या वारकऱ्यासाठी येत नाही. तो बिचारा काही बोलणार नाही, माउली म्हणून काळे केळेही कपाळाला लावील, याची आपल्याला खात्री आहे.

आणि हे कोणाच्या गावात? कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा जे तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, की बाबा, कोरडी खाऊ नकोस, त्यांच्या! ते इथून निघाले ते थेट पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची 61 पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात शेकडो वर्षे जशीच्या तशी आहेत. एवढी नाजूक वस्तू एवढ्या लांब न ठेचता नेणाऱ्या गावात आपण डझनभर केळी वेशीपासून देवळापर्यंत नेऊ शकत नाही.

"परवडत नाही," असे मला सांगतात. क्रेट परवडत नाही. कोणाला? डागी मालाचे पैसे काकांच्या पट्टीतून कापले जातात, म्हणून व्यापाऱ्याला डाग परवडतो, गाडीवाल्याला परवडतो, गाडीवर अंगठ्याने दाबून दाबून केळी पाहणाऱ्या आणि न घेता जाणाऱ्या गिऱ्हाइकालाही परवडतो. ज्याच्या हातून नुकसान होते त्याच्या खिशातून ते गेले पाहिजे, एवढा नियम करा आणि मग पाहा घड कसे अलगद उतरतात. 2016 साली फळभाज्यांची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरले तेव्हाही आभाळ कोसळेल म्हणत होते. आमचे जुने हेडकॅशियर सांगतात, 2001 साली रिझर्व्ह बँकेने नोटांच्या पुडक्याला पिना मारायची बंदी केली तेव्हा सगळ्या बँकांनी हाच गळा काढला होता. पिनेशिवाय पुडके टिकणारच नाही! टिकते आहे. नोटेला टोचू नका म्हणून वरून आदेश येतो.

"आणि क्रेट परत येत नाहीत," हा दुसरा आक्षेप. काकांनीच केला. त्या पट्टीनंतर त्यांनी पदरमोड करून चाळीस क्रेट घेतले. माल चांगला गेला, क्रेट मात्र एकतीसच परत आले. "नऊ कुठं गेले, द्येव जाणे," म्हणाले.

द्येवाबरोबर मीही जाणत होतो. निदान एकापुरते. बाजारच्या दिवशी बँकेच्या ओट्यावर एक निळा क्रेट दोन दिवस बेवारस पडला होता, तो मी घरी नेला. आमच्या बाल्कनीत तो जुनी वर्तमानपत्रे आणि सौ.ची मनी प्लँटची कुंडी सांभाळून आहे. बाजूला रंगाने काकांच्या नावाची पहिली दोन अक्षरे लिहिलेली. ती मी कर्जाच्या कागदांवर शंभरदा वाचली आहेत.

सोमवारी क्रेट घासून पुसून नरसीला नेला. "वाट चुकून आला होता," एवढेच काकांना सांगितले. त्यांनी क्रेटकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. संध्याकाळी तोच क्रेट, मध्ये वर्तमानपत्राची घडी घातलेल्या चार फण्या भरून, काउंटरवर हजर. "घरी न्या. पर क्रेट उद्या आणा."

एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "याचं लगेज पडेल." पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी वाद न घालता लगेजचे पैसे भरले, क्रेट मांडीवर घेतला आणि प्रत्येक खड्ड्याला तो दोन्ही हातांनी अधांतरी उचलून धरला. शेजारच्या मावशींनी बराच वेळ पाहून विचारले, "अंडी हायेत का वो?"

"केळी," मी म्हणालो.

मावशी सरकून पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या.