गोळी लेकराला, बोल मायला



आमच्या धनजकडे एखादं पोट्टं जागेवर ठरत नसलं की पहिला बोल मायला बसतो : 'लाडावून ठेवलं.' पुढे डॉक्टरांनी एडीएचडी, म्हणजे अवधानाचा अभाव व अतिचंचलता, असं निदान करून गोळी सुचवली, तर दुसरा बोलही तिलाच : 'लेकराला गोळ्यांवर ठेवते.' गोळी दिली तरी ती दोषी, नाही दिली तरी तीच. बापाला कोणी विचारत नाही.

ही गोळी करते तरी काय? मेथिलफेनिडेट हे गुंगीचं औषध नाही, उत्तेजक आहे. उत्तेजक औषधाने चंचल मुलं स्थिरावतात, हे अमेरिकेत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ साली नोंदवलं. मोठा आवाज झाला की आपण दचकतो, पापणी मिटते. त्याच्या क्षणभर आधी हलका आवाज आला, तर दचकणं कमी होतं. ही मेंदूची गाळणी. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मुलं ज्या हलक्या आवाजाकडे लक्ष देत होती, त्याच्यापुरतीच ही गाळणी औषधाने सुधारली. एका अभ्यासावरून सारं ठरत नाही. पण 'गोळीने पोर बधिर होतं' या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही. भूक आणि झोप मात्र कमी होऊ शकते. म्हणून वजन, उंची, नाडी, रक्तदाब तपासत राहावं लागतं.

त्या अभ्यासात सगळे मुलगेच होते, हे मला महत्त्वाचं वाटतं. लक्ष न लागणारी मुलगी बहुधा धिंगाणा घालत नाही, खिडकीबाहेर बघत बसते. तिला वेंधळी ठरवतात, शाळा सोडवून धाकट्या भावंडांमागे लावतात. तिच्यासाठी डॉक्टर कोण गाठणार?

हे औषध 'शेड्यूल एक्स'मध्ये येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला २ वर्षं जपावी लागते. गैरवापर होऊ नये म्हणून हा नियम हवाच. पण त्याचा भार कोणावर पडतो? सोयाबीनच्या सोंगणीत रोज बुडवून, कारंजा नाहीतर अमरावती-अकोल्याची गाडी धरणाऱ्या मजूर बाईवर.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं नाव नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत मात्र ते आहे. तेव्हा आपल्या गटांनी तीन मागण्या लावून धराव्यात. तपासणी पथकाने मुलींच्या गप्प बसण्याचीही नोंद घ्यावी. मानसोपचारतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी तालुक्याला यावेत आणि औषध तिथेच मिळावं. तपासणीला बापालाही बोलवावं.

गोळी द्यायची की नाही, हे त्या घराने डॉक्टरांशी बोलून ठरवावं. मायला दोष देणं मात्र आपण आजच थांबवू शकतो. त्याला कोणाची चिठ्ठी लागत नाही.