गळ्याची फी कोण भरणार?

'कलेला जात नसते' असं म्हणणारा भेटला की मी त्याला एकच विचारतो : मग संगीत शिक्षकांच्या संघटनेला ती कुठून येते? उगाच भंकस नको. पुरावा देतो.

अमेरिकेत आर्कान्सास नावाचं राज्य आहे. तिथल्या लिटल रॉक शहरात १८८७ साली फ्लॉरेन्स प्राइस ही काळी बाई जन्मली. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीतून १९०६ साली शिकून बाहेर पडली. पुढं गावी पोरांना संगीत शिकवू लागली. राज्याच्या संगीत शिक्षक संघटनेकडं तिनं सभासदत्व मागितलं. नाही म्हणाले. सूर चुकत होता म्हणून नव्हे, कातडी काळी होती म्हणून.

अशी संघटना म्हणजे चार मास्तरांचा चहाचा अड्डा नसतो, दोस्तांनो. विद्यार्थ्यांच्या स्पर्धा ती भरवते, परीक्षक ती नेमते, शिष्यवृत्तीचं पाकीट तिच्या खिशात. मास्तरणीला बाहेर ठेवलं की तिच्या हाताखालचं प्रत्येक पोर आपोआप उंबऱ्याबाहेर. मग हेच लोक विचारणार, तुमच्यात कलावंत का निपजत नाहीत? वा रे न्याय!

बाई रडत बसली नाही. गावातल्या काळ्या संगीतकारांचं स्वतःचं मंडळ तिनं उभं केलं.

तिकडं शिकागोत १९१९ साली काळ्या संगीतकारांनी आणि संगीत शिक्षकांनी देशभराची संघटना बांधली : नॅशनल असोसिएशन ऑफ निग्रो म्युझिशियन्स. तिची पहिली शिष्यवृत्ती गेली फिलाडेल्फियाच्या मॅरियन अँडरसनला. या पोरीला तिच्याच शहरातल्या एका संगीत शाळेनं रंग बघून दारातूनच परत पाठवलं होतं. तिच्या शिकवणीचे पैसे चर्चमधल्या साध्या माणसांनी वर्गणी काढून भरले होते. गळा तिचा, फी समाजाची. हा हिशोब मला कुठल्याही सौंदर्यशास्त्रापेक्षा मोठा वाटतो.

पुढं १९३९ साली वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलचं दार मालकिणींनी तिला बंद केलं. ९ एप्रिलला ती लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर उभी राहिली. समोर ७५ हजार माणूस. त्या दिवशी तिनं जी गाणी म्हटली त्यांत एकाची रचना होती फ्लॉरेन्स प्राइसची. जिला शिक्षकांनी सभासद करून घेतलं नव्हतं, तिचे सूर जिला हॉल मिळाला नव्हता तिच्या गळ्यातून अख्ख्या देशानं ऐकले.

आपल्याकडं काय चाललंय? १४ एप्रिलला वस्तीतली पोरगी रात्री दोनपर्यंत गाते. टाळ्या पडतात, नेते हार घेतात, लाऊडस्पीकरवाला पैसे घेतो. पोरीच्या हातात काय? बसभाडं मिळालं तर नशीब. दुसऱ्या दिवशी ती कुणाकडं शिकते, पेटी कुणाची वापरते, दहा बाय दहाच्या खोलीत रियाझ कुठं करते, एक कार्यकर्ता विचारत नाही. हलगीवाल्याचं तर नावच नको. मिरवणुकीपुरता तो आपला, एरवी त्याच्या हाताला कुणी विद्या मानत नाही.

कोणी म्हणेल, वेगळी चूल कशाला? प्रस्थापितांच्या दारावरच धडक मारू. मारूच, सोडायचं नाही. पण धडक मारायला अंगात बळ लागतं. मॅरियनला पहिली शिष्यवृत्ती १९१९ साली मिळाली, मेट्रोपॉलिटन ऑपेराचं दार उघडलं १९५५ साली. मधल्या ३६ वर्षांत तिला उभं करायला पहिला हात दिला तो आपल्याच माणसांनी.

१९७२ साली आपण पँथर हे नाव काळ्यांकडून घेतलं. त्यांचा राग घेतला, बरं केलं. त्यांची वर्गणीची वही घ्यायची तेवढी राहिली. जे आपल्यातले शिकवतात, पेटीवाले, ढोलकीवाले, हलगीवाले, गाणारे, त्यांनी एकत्र बसावं. जयंतीच्या प्रत्येक वर्गणीतला ठरलेला वाटा पोरांच्या फीसाठी, वाद्यासाठी, प्रवासासाठी आधी बाजूला काढावा. मंडप थोडा लहान झाला तरी चालेल.